पाऊस उतरत जातो तिथली माणसं

बसा रे, लेकरांनो. आज गोष्ट एका पाद्रीसाहेबापासून सुरू करतो. नाव जॉन स्टीव्हन्सन. मूळचा स्कॉटलंडचा. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात आला, तो आपल्या धर्माचा उपदेश करायला. पण उपदेश करायचा तर समोरचा माणूस कोण, तो कोणापुढं हात जोडतो, कशाला भितो, हे ठाऊक पाहिजे. म्हणून तो आधी मराठी शिकला, आणि इतकी शिकला की त्यानं मराठीचं व्याकरण लिहिलं. मग संस्कृताकडं वळला आणि १८४२ साली सामवेदाचं इंग्रजी भाषांतर छापून मोकळा झाला. विठोबाच्या भक्तांवर निबंध लिहिला. पुढं तर सह्याद्रीतल्या लेण्यांवरची जुनी अक्षरं लावत बसला. सांगायला आला होता आणि ऐकायला बसला. मला हा माणूस त्यासाठी आवडतो.

त्या काळी असे पुष्कळ पाद्री आले. अमेरिकेतले १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं घातलं. आपल्या आळेफाट्यावरून पूर्वेला जाणारा रस्ता धरला की तेच नगर. हे लोक खेडोपाडी हिंडायचे, आणि प्रत्येकाच्या वहीत प्रश्न एकच असायचा : या मुलखात लोक कोण राहतात, आणि त्यांचे देव कोणते?

उत्तरादाखल याद्या व्हायच्या. कुणबी, माळी, ब्राह्मण, कोळी, ठाकर, कातकरी, धनगर, महार, मांग, मुसलमान, जैन. पुढं देवांची नावं. यादी काही खोटी नसायची. पण कोळी डोंगरमाथ्यालाच का, धनगर बेल्ह्याच्या अंगालाच का, आणि बुद्धाच्या भिक्खूंनी जुन्नरच्या कड्यातच घरं का केली, हे यादीत कुठून कळणार? मला कोणी आळेफाट्यावर एसटीतून उतरून हाच प्रश्न विचारला, तर मी म्हणेन, "साहेब, वही जरा मिटा. आधी आभाळाकडं बघा."

कारण आपला मुलूख लहान आहे. जुन्नर आणि आंबेगाव, दोनच तालुके. नाणेघाटाच्या तोंडाशी घाटघर आहे, तिथून निघालं तर जुन्नर, मग आळेफाटा, मग बेल्हे. सगळी वाट सत्तर किलोमीटरांच्या आतबाहेर. सकाळी निघालेली बस दुपारच्या आत पोचते. पण एवढ्यात पावसाचं काय होतं बघा. घाटघरला वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस. जुन्नरला त्याचा तिसरा हिस्सादेखील नाही. आळेफाट्याला वीस-पंचवीस इंच, आणि बेल्ह्याच्या पुढं तेवढ्याचीही खात्री नाही. आषाढातल्या एकाच दिवशी घाटघरची म्हातारी इरलं घेऊन चिखलात वाकलेली असते, आणि बेल्ह्याचा शेतकरी तोंडावरची धूळ पुसत ढगाकडं बघत असतो.

"आजोबा, ढग तर सगळीकडून जातात. मग आपल्याकडं का नाही पडत?"

बरोबर विचारलंस. ऐक. जूनमध्ये नैऋत्येकडून वारा येतो. अरबी समुद्रावरून येताना तो पाण्याची वाफ पोटात घेऊन येतो. कोकणात त्याला वाट मोकळी असते. मग समोर एकदम सह्याद्री उभा राहतो, हजार-हजार मीटरांचा. वारा आडवा जाऊ शकत नाही, म्हणून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळं हवा फुगते, आणि फुगताना ती गार होते. गार हवेला वाफ धरवत नाही. वाफेचे थेंब होतात आणि ते तिथंच, घाटमाथ्यावर कोसळतात. मग तीच हवा डोंगर ओलांडून आपल्याकडं उतरायला लागते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. त्यातही एक गंमत आहे. चढताना वाफेचं पाणी झालं की वाफेतली उष्णता हवेत सुटते, म्हणून ओली हवा किलोमीटरमागं चार-पाच अंशच गार होते. उतरताना मात्र ती कोरडी असते, आणि किलोमीटरमागं दहा अंशांच्या आसपास तापते. म्हणजे आपल्याकडं येते ती चढण्याआधी होती त्याहून गरम आणि कोरडी. अशी हवा पाणी सोडायचं राहिलं बाजूला, असलेले ढगसुद्धा विरवून टाकते. याला पर्जन्यछाया म्हणतात. आळेफाटा त्या छायेत आहे.

आता या पावसाच्या उतरणीवरून माझ्याबरोबर खाली या, म्हणजे कोण कुठं राहतो आणि का, ते आपोआप दिसेल.

सगळ्यात वर महादेव कोळी. घाटघर, आहुपे, भीमाशंकरचा डोंगर, सगळा त्यांचा मुलूख. शंभर इंच पाऊस म्हणजे वरदान वाटेल, पण शेतकऱ्याला विचारा. एवढा पाऊस मातीतली खतं धुऊन नेतो. उतारावरची माती पातळ, तांबडी, भुकेली. तिथं गहू-ज्वारी कुठली? खाचरात भात, आणि उतारावर नाचणी-वरई. त्या मातीत भाताचं रोप धरावं म्हणून हे लोक राब भाजतात. उन्हाळ्याच्या शेवटी रोपाच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. आचेनं तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात, आणि राखेतलं पालाश थेट रोपाच्या मुळाशी जातं. शेतकी शाळा न पाहिलेल्या माणसांनी काढलेली ही युक्ती आहे.

भात वर्षभर पुरत नाही. म्हणून हिरडा. उन्हाळ्यात या रानातली सगळी घरं बाळहिरडा गोळा करतात, म्हणजे झाडाचं कोवळं फळ, उन्हात वाळून काळं पडलेलं. त्रिफळ्यात जातो तोच. त्यात तुरटपणा आणणारं टॅनिन असतं, सुक्या फळाच्या तिसेक टक्के. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, मग ते कातडं कुजत नाही. म्हणून चांभाराच्या कुंडापासून ते मोठ्या कारखान्यापर्यंत हिरडा लागायचा. हाच तुरटपणा झाडासाठी राखण आहे, कारण कोवळं फळ किड्याला गोड लागत नाही.

आणि देव कोण? पावसाची वरसूबाई. वाघोबा. डोंगरमाथ्यावरचे, झाडाखालचे, शेंदूर लावलेले दगड. आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडं वसुबारस असते, गाय-वासराची पूजा. वर डोंगरात तोच दिवस वाघबारस म्हणून पाळतात. गुराखी पोरं वाघोबाच्या ठिकाणी जातात, नैवेद्य दाखवतात, आणि गुरांना सांभाळ म्हणतात. ज्याच्या तोंडून गाय वाचवायची, त्यालाच राखणदार नेमायचं. जंगलात राहणाऱ्या माणसाला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. वाघाला टाळता येत नाही, म्हणून त्याच्याशी नातं ठेवायचं.

आहुप्याला देवराई आहे. देवाचं रान, काडी तोडायची नाही. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रज्ञांच्या जगाला कळलं की जे मोठे वृक्ष आणि वेली बाहेर संपल्या, त्या देवाच्या भीतीनं इथं टिकून आहेत. देवराईची जमीन पाऊस जिरवून घेते आणि झरा उन्हाळ्यात चालू राहतो. घोड नदी तिथंच आहुप्याच्या अंगाला उगम पावते. ध्यानात ठेवा, ही नदी आपल्याला पुढं पुन्हा भेटणार आहे.

भीमाशंकरच्या रानात भर पावसाळ्यात, अमावास्येच्या सुमाराला, कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. तो भुताचा नाही. लाकूड खाणारी एक बुरशी आहे. तिच्या अंगातलं एक द्रव्य हवेतल्या प्राणवायूशी मिळतं आणि त्यातून उष्णता न निघता प्रकाश निघतो. काजव्याचंही तसंच, फक्त द्रव्य निराळं. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्रीचं रान उजळलेलं पाहिलं, त्यांनी त्या रानाला देवाचं म्हटलं, तर त्यांना अडाणी म्हणणारा माणूस त्या रानात एक रात्रही राहिलेला नसतो.

आता खाली उतरू. इथं कातळाची गोष्ट येते. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या जमिनीला भेगा पडल्या आणि तप्त लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. एक लोट पसरायचा, थंड व्हायचा, त्यावर दुसरा. परातीत भाकरीवर भाकर ठेवावी तसे आडवे थर बसत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटर जमीन या काळ्या दगडाची आहे. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे सगळे त्याच थरांचे उरलेले तुकडे आहेत. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, खालचा मऊ थर झिजतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात.

या उभ्या कातळात, जुन्नरच्या आसपास, दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. भारतात एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडं नाहीत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, खुद्द शिवनेरीचा कडा. पण जुन्नरच का? एक तर दगड. एकसंध, आडवा, भेगा कमी. पाथरवट छतापासून खोदायला सुरुवात करून खाली येत, म्हणजे परांची बांधायला नको. दुसरं कारण पाऊस. बुद्धानं भिक्खूंना सांगून ठेवलं होतं की वर्षभर फिरा, पण पावसाळ्यात एका जागी राहा. त्याला वर्षावास म्हणतात. मग भर पावसात कोरडं राहील आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळेल अशी जागा पाहिजे. घाटघरला फार पाऊस, बेल्ह्याला फार थोडा. जुन्नर मधोमध. कड्यावरून ओघळणारं पाणी टाक्यात उतरवलं की वर्षभर पुरतं. लेण्यांच्या लेखांत या टाक्यांना पोढी म्हटलेलं आहे, आणि पोढी दान देणं मोठं पुण्याचं मानत.

तिसरं कारण नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल याच घाटानं वर चढायचा. घाटातल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात तिच्या घरानं केलेले अश्वमेधासारखे यज्ञ आहेत, दिलेल्या हजारो गाई आहेत, आणि त्या दानांचे आकडे आहेत. आपल्या देशात आकडे लिहिलेला इतका जुना पुरावा थोडकाच. लेखाच्या आरंभी नमन आहे, त्यात इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, यम, वरुण, कुबेर आहेत. म्हणजे घाटाच्या तोंडाशी राणी यज्ञ करणारी, आणि घाट चढून दिवसभराच्या वाटेवर बुद्धाची लेणी. एकाच रस्त्यावरून जाणारा व्यापारी दोघांनाही ओळखत होता.

"पण लेणी खोदायला पैसा कोणी दिला, आजोबा?"

हे सगळं दगडावर लिहून ठेवलंय. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघटनेनं दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडं दानाचा पैसा ठेव म्हणून ठेवलेला होता. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानं लेखात दिलेल्या शेचाळिसाव्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. अडुथुम नावाच्या शक उपासकानं करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमीन लावून दिली. करंज म्हणजे तेल, तेल म्हणजे दिवा. आणि इरिल, चिट, चंद अशी तीन नावं आहेत, तिघांच्याही नावामागं यवन लिहिलंय. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्यांच्या बाजूचे पश्चिमेकडचे लोक. एकानं पोढ्या दिल्या, एकानं संघाला भोजनमंडप दिला, एकानं लेण्याचं दर्शनी काम केलं.

यवन इथं कसे आले, तेच खरं नवल आहे. ज्या नैऋत्य वाऱ्यानं घाटघरला पाऊस पडतो, त्याच वाऱ्यावर त्यांची जहाजं आली. इजिप्तच्या बंदरातून उन्हाळ्याच्या मध्यावर निघायचं, तांबडा समुद्र ओलांडायचा, शिडात नैऋत्य वारा भरून घ्यायचा आणि थेट आपल्या किनाऱ्याला लागायचं. हिवाळ्यात वारा उलटा फिरतो, तेव्हा परत. उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिथली हवा वर जाते, म्हणून समुद्राकडून वारा येतो. हिवाळ्यात जमीन लवकर गार होते, म्हणून तो उलटतो. या एका वाऱ्यानं भात पिकवला, भिक्खूंच्या पोढ्या भरल्या आणि दान देणारा परदेशीही आणून सोडला.

तोच समुद्र पुढं दुसरी माणसं घेऊन आला. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी, १४९०ची. मग नगर वसलं. त्या निजामशाहीचा कारभार पुढं चालवला मलिक अंबरनं. तो हबशी, म्हणजे आफ्रिकेतल्या इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. जुन्नरजवळ हबशी घुमट आजही उभा आहे. जुन्नरचे मुसलमान कागदी हातकागद करायचे, आणि तो जुन्नरी कागद दफ्तरखान्यांतून वापरला जायचा. कागदाला लगदा, लगद्याला पाणी, पाणी कुकडी नदीचं. घाटावरचा पाऊस कागदालाही लागला.

लेण्याद्रीला तर तुम्ही गेला आहात. गिरिजात्मज गणपती बसला आहे तो भिक्खूंच्या विहारात. शेजारी सहाव्या लेण्यात चैत्य आहे. मानमोडीच्या डोंगरात अंबिका लेण्यात जैनांच्या मूर्ती नंतर कोरल्या गेल्या. शिवनेरीवर बौद्ध लेण्यांच्या कड्यातच शिवाई देवी आहे, आणि तिच्यावरून नाव ठेवलेला मुलगा १६३० साली तिथं जन्मला, ते तुम्हाला सांगायला नको. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. आपल्या गावांतली बौद्ध घरं आज लेण्याद्रीच्या चैत्यापुढं उभी राहून हात जोडतात, आणि शेजारच्या गुहेत गणपतीची आरती चालू असते. मला हे दृश्य आपल्या मुलखातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. यादी करणाऱ्या पाद्र्याला पेच पडला असता की हा डोंगर कोणाच्या नावावर लिहू.

जुन्नरहून पूर्वेला आलं की जमीन काळी होते. तोच लाव्ह्याचा दगड, पण कमी पावसात सावकाश कुजलेला. इथं खतं धुऊन जात नाहीत, चिकणमाती साचते. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. इथं बाजरी, ज्वारी, कांदा, भाजीपाला. इथं कुणबी आणि माळी. आणि इथं वारकरी. ओतूरला मांडवी नदीच्या काठी तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. शेजारी कपर्दिकेश्वर, श्रावणातल्या सोमवारी तिथं तांदळाच्या पिंडी करतात. तांदूळ डोंगराचा, देव नदीकाठचा.

आणि आपलं आळे. तिथं समाधी आहे ती रेड्याची. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद म्हणवले, तो रेडा आळ्याला आला आणि इथं निमाला, असं परंपरा सांगते.

"रेडा खरंच बोलला का, आजोबा?"

रेड्याच्या गळ्याची ठेवण आपल्या बोलण्याजोगी नाही. त्याहून महत्त्वाचं, आवाजावर पाहिजे तसा ताबा ठेवणारे मेंदूतले तंतू माणसात आहेत तसे त्याच्यात नाहीत. शास्त्र एवढं सांगतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण सातशे वर्षं लोक ही गोष्ट का सांगत आले, हेही बघ. ज्यांना वेद म्हणायचा अधिकार नाही असं ठरवलं होतं, त्यांच्या बाजूनं ती गोष्ट उभी आहे. आणि तिच्या पोटी एका गावानं जनावराला समाधी दिली. ज्या काळ्या, जाड कातडीच्या जनावराला घाम फार थोडा येतो, जे उन्हानं कासावीस होऊन डबक्यात बसतं, म्हणून ज्याला आळशी म्हणतात, त्याच्यापुढं आळ्यात लोक डोकं टेकतात. जस्टिन ॲबट नावाचे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री होते. त्यांनी गोडबोले पंडितांच्या जोडीनं महिपतीबुवांचा 'भक्तविजय' इंग्रजीत नेला. त्यात हा रेडाही सातासमुद्रापार गेला. उलट्या वाटेनं नगरला नारायण वामन टिळक आले, कोकणात जन्मलेले, १८९५ साली ख्रिस्ती झालेले. त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या वळणानं लिहिली. ज्यांनी इथल्या माणसाचं ऐकून घेतलं, त्यांचंच काम टिकलं, असं माझं मत आहे.

आळेफाट्याच्या पूर्वेला, बेल्ह्याकडं, पाऊस आणखी उतरतो. खडकाळ माळ, बोरी-बाभळी, कुसळी गवत. हा धनगराचा मुलूख. मेंढीचे खूर सततच्या ओलीत सडतात, म्हणून ती घाटावर पावसाळा काढू शकत नाही. तिला कोरडा माळच मानवतो. पावसाळ्यात इथं, आणि पाऊस संपला की वाडा हलतो, काहींचा थेट कोकणात. तिथल्या भातखाचरांना मेंढ्यांचं खत मिळतं, धनगराला चारा. देवही त्यांचे चालणारे, घोड्यावरचे. खंडोबा, बिरोबा. धामणखेलचा खंडोबा, वडजचा खंडोबा, आणि बेल्ह्याच्या पलीकडं कोरठणचा. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकानं आयुष्य या देवांमागं आणि धनगरांमागं हिंडण्यात घालवलं.

आता घोड नदी पुन्हा. आहुप्याच्या देवराईजवळ निघालेली घोड खाली शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तिथं १९६८पासून १९८३पर्यंत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी होती. आत बाईची मूर्ती, बिनडोक्याची. झाकणावर दुसरी मूर्ती आणि एक बैल. तिचं नाव कोणालाच माहीत नाही, कारण त्या लोकांना लिहिता येत नव्हतं. पण कोणीतरी देवी होती आणि ती घरात जपून ठेवली होती. या लोकांनी नदीचं पाणी वळवायला बांध घातला, पाट काढला. मग तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला पाऊस कमी होत गेला. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शेळ्या-मेंढ्या वाढल्या. शेवटी गाव उठलं. पावसाची रेघ सरकली की शेतकऱ्याचा मेंढपाळ होतो, हे इनामगावच्या मातीत वाचता येतं.

याहून जुनं पाहायचं तर लांब जायला नको. आपल्या जवळच, कुकडीकाठी बोरी आहे. तिथं नदीनं कापलेल्या दरडीत पांढरट, पिठूळ मातीचा थर दिसतो. ती माती नाही, ज्वालामुखीची राख आहे. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर काचेचे धारदार कण दिसतात. आपल्याकडचा लाव्हा सहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला, मग ही राख कुठली? कणांची रासायनिक ठेवण सुमात्रा बेटातल्या तोबा ज्वालामुखीशी जुळली. इथून तीन हजार किलोमीटरांहून लांब! जिथं तो फुटला, तिथं आज शंभर किलोमीटर लांबीचं तळं आहे. त्याचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्या स्फोटाची की आधीच्या, यावर शास्त्रज्ञांचा वाद झडला. काहींच्या मोजणीत ती सहा लाख वर्षांहून जुनी निघाली. आणि त्या राखेच्या सोबतीनं, नदीच्या गोट्यांत, दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. म्हणजे कोळी, कुणबी, धनगर, यवन, हबशी यांतलं एकही नाव जन्माला येण्याआधी बोरीला माणूस होता. त्याचा देव कोणता होता ते दगड सांगत नाही. पण तोही पाण्यापाशीच बसला होता, कुकडीच्या.

अलीकडच्या काळात मात्र ही पावसाची उतरण माणसानं मोडली. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली. घाटावरचा पाऊस कालव्यानं खाली आला, आणि माळावर ऊस उभा राहिला. ऊस दहा-बारा महिने उंच, दाट, ओलसर. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला असं रान कुठं मिळणार? ती उसात राहू लागली. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले, तर तिथले हल्ले वाढले, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं. अनोळखी रानात टाकलेलं जनावर बिथरतं, परत फिरू बघतं, वाटेत माणूस भेटतो. माणिकडोहला आता बिबट्यांचं केंद्रच आहे. हिरड्याच्या रानातला वाघोबा खाली उतरून आपल्या बांधावर आला आहे. लेकरं गमावलेल्या घरांचं दुःख मोठं आहे, आणि त्यांना पिंजरा, दिवा, बंदिस्त गोठा वेळेवर मिळालाच पाहिजे. पण जनावराच्या येण्याजाण्याच्या वेळा, त्याची वाट, पाठमोरं वाकून बसू नये ही शिस्त, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं घाटघरला आणि आहुप्याला आहेत. त्यांना विचारायला आपण अजून गेलो नाही.

तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा फाट्यावर कोणी उतरेल आणि विचारील, इथं लोक कोण, धर्म कोणते? पाद्री असेल, सरकारी माणूस असेल, विद्यापीठातला असेल. त्याला चहा पाजा. मग जमलं तर आषाढात घाटघरच्या बसमध्ये बसवा आणि वैशाखात बेल्ह्याच्या. यादी त्यानंतर लिही म्हणावं.